चिबडाच्या वेलापाशी

तळहातावर चिबडाची एक बी घ्या. फिकट, चपटी, एका टोकाला निमुळती. मृगाचा पाऊस लागलाय, परसातली माती अजून उबदार आहे. ओल आणि ऊब, एवढंच या बीचं मागणं. राखेत घोळवून ठेवलेली असतानाही ती जिवंतच होती.

आळ्यात कुजलेलं शेणखत मिसळा. अर्ध्या पेराइतक्या खोलीवर बी ठेवा, माती हलकेच लोटा. आता चार-आठ दिवस तिथं आपलं काही काम नाही. मनाला हेच जड जातं. उकरून पाहावंसं वाटतं. वाटू द्या. हात मात्र मागे असू द्या. कारण याच दिवसांत मूळ खाली जात असतं. कोंबाच्या बुडाशी एक इवलासा उंचवटा येतो, तो टरफल अडवून धरतो आणि दोन्ही दलं त्यातून सुटून वर येतात. हे सगळं अंधारात, आपल्या मदतीवाचून होतं. सावकाश श्वास घ्या आणि त्या अंधाराचा थोडा विचार करा.

वेल पसरतो. पिवळी फुलं येतात. पहिली बहुतेक नरफुलं, दिवसभरात मिटून गळणारी. ती वाया गेली असं मला वाटत नाही. मधमाश्यांना आपलं परस त्यांच्यामुळेच ओळखीचं होत असावं.

मग एके सकाळी पाकळ्यांच्या मागे लवदार, बोराहून लहान फुगवटा असलेलं फूल दिसेल. इथं थांबा. हे फूल एकच दिवस उमलतं. झड लागली असेल तर मधमाशी येणार नाही. नरफूल खुडा, पाकळ्या काढा, त्याचा पराग हलक्या हातानं या फुलाच्या मध्यभागी टेकवा. साऱ्या हंगामात वेलाला आपली खरी गरज कदाचित एवढीच. ती किती लहान आहे, आणि किती नेमकी, हे मनात घोळू द्या.

फळ धरलं की खाली सुकं गवत सारा, म्हणजे ओल्या मातीत कुजणार नाही. पुढचा महिनाभर रोज नुसतं पाहा. दाबून बघू नका.

गणपतीच्या सुमारास रंग पालटेल, वास अंगणापर्यंत येईल. देठाशी चीर दिसली की उचला; उशीर केला तर चिबूड आपणहून उलतं. गर मऊ, रवाळ, गोडी बेताची. म्हणून फोडींवर गूळ किसा, नारळाचा रस घाला, आणि शेजारच्या घरी एक वाटी आधी पाठवा.