मांडीला मांडी

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. अभ्यंगस्नाने आटोपली, तुळशीपाशी कारिटे फोडून झाली आणि माजघरात पोह्यांसाठी ओळीने पाट मांडले गेले. मी सवयीने पाटाशी गेलो, पण काही केल्या मांडी घालवेना. शेवटी खुर्ची आणावी लागली. सारे घर खाली आणि मी एकटा वर! मान मिळाला खरा, पण पंगत हुकली.

माझी नात डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीररचनेचे जाडजूड पुस्तक ती सुट्टीतही बरोबर घेऊन आली होती. दुपारी झोपाळ्यावर बसून तिने मला माझ्याच मांडीचा नकाशा दाखवला.

"आजोबा, पुढच्या बाजूला हा चार तोंडांचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स. हा गुडघा सरळ करतो. पाटावरून उठता ते याच्या बळावर. आणि हा तिरपा पट्टा पाहा. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघतो, मांडी ओलांडतो आणि गुडघ्याखाली आतल्या अंगाला जाऊन चिकटतो. हा सार्टोरियस. शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू."

लॅटिनमध्ये शिंप्याला सार्टर म्हणतात. मांडी घालून शिवत बसणाऱ्या शिंप्यावरून हे नाव पडले, असे सांगतात.

"म्हणजे माझा शिंपी संपावर गेला म्हणायचा!" मी म्हणालो.

"शिंप्याला कशाला दोष देता? गुडघे झिजलेत ते आहेच. पण आतल्या बाजूला ॲडक्टर नावाचे स्नायू असतात. ते मांडीला आत, शरीराच्या मध्याकडे ओढतात. मांडी घालायची तर त्यांनी सैल पडायला हवं. ते आखडले की गुडघे खाली टेकतच नाहीत."

पोर सहज बोलून गेली. पण आत ओढून धरणारे सैल झाल्याशिवाय माणसाला पंगतीत बसता येत नाही, हा विचार काही मला सोडीना.

कारण 'मांडीला मांडी लावून बसणे' या शब्दांना आमच्या रत्नागिरीत एके काळी फार वजन होते. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर येथे स्थानबद्ध होते. त्या काळात अस्पृश्यतानिवारणाची चळवळ झाली, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व हिंदूंना खुले झाले आणि सहभोजनांच्या पंगती उठल्या. अशा एका पंगतीला माझे आजोबा गेले होते. सर्वांच्या मांडीला मांडी लावून जेवले. रात्री परतले आणि विहिरीवर दोन घागरी डोक्यावर ओतून मगच घरात शिरले. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते. आजीने ही गोष्ट मला खालच्या आवाजात सांगितली होती.

यांतले खरे आजोबा कोणते? पंगतीतले की विहिरीवरचे?

तरुणपणी माझा निकाल ठरलेला होता : अंघोळ खरी, पंगत ढोंग. साऱ्यांचे शरीर सारखेच आहे एवढे ज्ञान झाले की भेद आपोआप गळून पडेल, असेही मला तेव्हा वाटे. आज तसे वाटत नाही. शरीर सारखे आहे हे कळायला पुस्तक कशाला हवे? गावच्या सुईणीला ते ठाऊक होतेच. आमच्याच जिल्ह्यात, चिपळूणजवळ ज्यांचे देऊळ आहे, त्या परशुरामांची कथा आठवा. कर्णाच्या मांडीवर डोके ठेवून ते झोपले होते. किड्याने ती मांडी पोखरली, तरी गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलला नाही. रक्ताच्या स्पर्शाने गुरू जागे झाले. एवढे सोसणारा ब्राह्मण नव्हे, हे त्यांनी ताडले आणि शाप दिला. कर्ण खोटे बोलला होता हे खरेच. पण मांडीतली मोठी धमनी सूतपुत्राचीही सार्टोरियसच्या आडोशानेच खाली जाते. रक्त समोर वाहत असताना गुरूंनी त्यात वाचली ती जात!

म्हणजे नुसत्या ज्ञानाने भागत नाही. आखडलेला स्नायू रोज थोडा ताणावा लागतो, तसे मनाचेही असावे. आजोबांचे मन घटकाभर सैल झाले आणि विहिरीवर पुन्हा आखडले. पण माझे वडील अशा पंगतींना गेले आणि अंघोळ न करता घरात आले. म्हणून आज मी म्हणतो, पंगतही खरी होती.

मात्र एवढ्यावर आजोबांना सोडून देता येत नाही. त्या रात्री त्यांच्या शेजारी कोणीतरी बसले होते. गाव लहान; विहिरीवरच्या अंघोळीची बातमी त्या माणसाच्या कानी गेली नसेल का? आखडलेपण आजोबांचे, आणि कळ त्याने का सोसावी? 'हळूहळू होईल' हे शब्द सोसणाऱ्याने उच्चारले तर ती त्याची थोरवी. आपण उच्चारले तर ती आपली सोय. त्या शेजाऱ्याचे नावही आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. ही लाज मला अंघोळीपेक्षा मोठी वाटते.

नातीने व्यायाम लावून दिला आहे. रोज सकाळी तळव्याला तळवा लावून बसतो आणि गुडघे हलके हलके खाली नेतो. दुखते. यंदा पाटावर बसण्याचा बेत आहे. खुर्चीवरून पंगत छान दिसते, पण तिथून कोणाच्या मांडीला मांडी लागत नाही.