पाटीवरची नावे, जिभेवरची नावे

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या आठ रेल्वे स्थानकांची नावे बदलायला मान्यता दिली. सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, डॉकयार्ड रोडचे माझगाव, करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव, कॉटन ग्रीनचे काळाचौकी, मरीन लाइन्सचे मुंबादेवी, मुंबई सेंट्रलचे नाना जगन्नाथ शंकरशेट, किंग्ज सर्कलचे तीर्थंकर पार्श्वनाथ. यादी एका दमात वाचली, की सगळ्यांचा गुन्हा एकच वाटतो : नावे इंग्रजी आहेत. पण ती एका दमात वाचू नये. नाव कोणत्या भाषेतले आहे यापेक्षा ते कशाची आठवण धरून आहे, हे पाहायला हवे.

सँडहर्स्टचे नाव जाते आहे ते योग्यच. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून ट्रस्टने जे रुंद रस्ते काढले, त्यांतल्या एकाला गव्हर्नरचे नाव मिळाले. ज्यांची घरे त्यासाठी पाडली, त्यांची आठवण कोणत्याही पाटीवर नाही. डोंगरी हे तिथल्या टेकाडाचे नाव गव्हर्नरच्या किती आधीपासून लोकांच्या तोंडी होते. माझगाव तर मूळच्या सात बेटांपैकी एक. ही नावे पाटीवर येणे म्हणजे जमिनीला तिचे नाव परत मिळणे.

चर्नी रोडला मात्र हा न्याय लावता येत नाही. हे नाव गुरांच्या चराईवरून पडले असे मानले जाते. किल्ल्यासमोरच्या मैदानात गुरे चारायला कंपनी सरकारने फी बसवली, ती गरिबांना झेपेना, तेव्हा जमशेटजी जिजीभाई यांनी ठाकुरद्वारजवळची कुरणे विकत घेऊन चराई मोफत केली, अशी ही हकीकत. म्हणजे साहेबाचे वाटणारे हे नाव गाई-म्हशींचे आणि त्यांच्या मालकांचे निघते. गिरगाव हे नाव जुने आहे, सुंदर आहे, आणि ते कुणी पुसू शकत नाही. चर्नीला मात्र त्या पाटीखेरीज फारसा आधार उरलेला नाही.

कॉटन ग्रीनची गोष्ट याहून लांबची. किल्ल्यातल्या सेंट थॉमस चर्चसमोर हिरवळ होती, तिथे कापसाच्या गाठी रचल्या जात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला गेला, विसाव्या शतकात शिवडीकडे आला आणि नावही त्याच्याबरोबर फिरत राहिले. कापसावर उभ्या राहिलेल्या या शहरात कापसाचे नाव धारण करणारे एखादे तरी स्थानक असावे असे मला मनापासून वाटते. काळाचौकी हेही लोकांचेच नाव, म्हणून इथे मन अधिकच अडते.

लोक नाव ठेवतात तेव्हा त्यांची नजर कुठे असते, हे काळाघोडा सांगतो. राजपुत्र असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून यांनी शहराला दिला. लोकांनी स्वाराला वगळले आणि घोडा तेवढा ध्यानात ठेवला. १९६५ मध्ये पुतळा हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. चौकाचे नाव जागचे हलले नाही. अखेर २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा राहिला, स्वाराविना.

लोकांनी ठेवलेल्या अशा नावांत पायधुणीचे महत्त्व मला सर्वांत जास्त वाटते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी शहराच्या पोटात शिरे. चिखलपाणी तुडवून आलेली माणसे जिथे पाय धूत, ती पायधुणी. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात वेलार्ड नावाचा बांध घातला गेला आणि पाणी हटले. पुढे धोबी तलाव बुजला, गोवालिया टँकचे मैदान झाले. उमरखाडीतली खाडी आता नावापुरतीच. ही नावे एकापुढे एक ठेवली तर बुजवलेल्या पाण्याचा नकाशा तयार होतो, आणि दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या शहराने तो हाताशी ठेवावा.

आता मुंबई सेंट्रल. नाना शंकरशेट यांचा मान निर्विवाद आहे; ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी ते एक. त्यांचे नाव स्थानकाला शोभेल. मात्र गौरवाची नावे जागेबद्दल काही सांगत नाहीत, म्हणून ती नव्या वास्तूंना द्यावीत, रुळलेल्या जागांना नव्हे.

दुसरीकडे, ठराव न करता, हरकती न मागवता एक नामांतर चालू आहे. लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या जाहिरातींत तो भाग ‘अप्पर वरळी’ झाला आहे. परळ म्हटले की चाळी, भोंगे आणि १९८२ चा संप आठवतो, आणि एवढी आठवण घर विकताना अडचणीची ठरते. सँडहर्स्टच्या पाटीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी यावर व्हायला हवी. आणि चर्नी रोडची पाटी उतरणारच असेल, तर त्या स्थानकावर कुरणांची हकीकत चार ओळींत लिहून लावण्याचे काम रेल्वेने आधी करावे.