सशाची आई

आमच्या तत्त्वज्ञांनी सशाला मोठे स्थान दिले, पण ते त्याला नसलेल्या वस्तूसाठी. आकाशपुष्प, वंध्यापुत्र आणि शशशृंग ही त्रयी शास्त्रग्रंथांतून शतकानुशतके फिरत आली आहे. जे नव्हते, नाही आणि असणार नाही, त्याचा दाखला द्यावयाचा झाला की सशाचे शिंग पुढे करावयाचे. ज्याच्यामुळे चंद्राला शशी आणि शशांक ही नावे मिळाली, तो प्राणी प्रत्यक्षात जगतो कसा, याची चौकशी मात्र आम्ही फारशी केली नाही. (गमतीची गोष्ट अशी की, अमेरिकेतील काही सशांच्या डोक्यावर व तोंडावर शिंगांसारख्या कठीण वाढी दिसतात. त्या एका विषाणूमुळे होतात असे रिचर्ड शोप या संशोधकाने 1933 साली दाखवून दिले. नैयायिकांनी घाबरण्याचे कारण नाही. ती शिंगे नव्हेत, रोग आहे.)

आम्हांस ही चौकशी करावी लागली ती एका अपराधामुळे. बालाघाट जिल्ह्यातील आमचे बैहर मैकल डोंगरांच्या परिसरात वसलेले आहे. कान्हाच्या सालवनाचे मुक्की प्रवेशद्वार येथून फार दूर नाही. चैत्रात मोहाची फुले टपकू लागली म्हणजे ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची इकडे रीत आहे. अशाच एका झाडाखाली, आग लावण्याच्या आधी, दोन पोरांना सशाची दोन पिल्ले दिसली. डोळे उघडे, अंगावर लव, पण जागची हलेनात. आसपास आई नाही. पोरांनी ती पंचात गुंडाळून देवळात आणली. सायंआरतीची वेळ होती. पिल्ले पाहून सर्वांचेच अंतःकरण द्रवले. ‘कसली ग बाई ही आई, पोटची पोरे टाकून गेली!’ असे एक आजी म्हणाल्या, आणि आम्हीही मान डोलावली. कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजण्यात आले. कोणी अंगावरून हात फिरवी, कोणी नावे सुचवी. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही पिल्ले थंड पडलेली आढळली. बेलाच्या झाडाखाली त्यांना पुरताना आम्ही पोरांना म्हणालो, ‘आपण आपले कर्तव्य केले, पुढे ईश्वरेच्छा.’ हे वाक्य पुढे आम्हांस फार बोचले.

मराठीत ससा हा एकच शब्द असला तरी प्राणी दोन आहेत. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. आमच्या रानातला, मानेवर काळा डाग असलेला ससा बीळ करीतच नाही. गवतात अंगापुरता खळगा पाडून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच डोळे उघडून, लव लेवून येतात. दोघांची गुणसूत्रेसुद्धा सारखी नाहीत : पाळीव सशाची 44, रानसशाची 48. परंतु एका बाबतीत दोघांच्या माता सारख्याच आहेत, आणि ती बाब आम्हांस ठाऊक नव्हती. पाळीव सशाची मादी दिवसाकाठी एकदाच पिल्लांकडे जाते आणि तीन-चार मिनिटांत पाजून निघून येते. युरोपातील रानसशांवर जी निरीक्षणे झाली त्यांत असे आढळले की, पिल्ले दिवसभर वेगवेगळ्या जागी निश्चल पडून राहतात, सूर्यास्तानंतर जन्मस्थानी जमतात, आई येऊन काही मिनिटे पाजते आणि सगळी पुन्हा पांगतात. पिल्लांच्या अंगाला वास जवळजवळ नसतो. आईच्या अंगाला असतो. ती जवळ बसून राहिली तर कोल्ह्याला आणि रानमांजराला वाट दाखविल्यासारखेच होईल. तिचे दूर राहणे हीच तिची राखण. आणि एका वेळचे ते दूध इतके घट्ट की, पाळीव सशाच्या दुधातही स्निग्धांश गाईच्या दुधाच्या तिप्पट भरतो. आमची वात त्यापुढे काय पुरणार!

म्हणजे देवळात त्या संध्याकाळी जिची निंदा झाली ती निष्ठुर आई हेच खरे शशशृंग होते. ती आमच्या बोलण्याखेरीज कोठेच नव्हती. खरी आई त्याच वेळी, आरती चालू असताना, मोहाच्या झाडापाशी येऊन रित्या जागेत हुंगत असेल. पिल्लांची स्तब्धता आम्ही आमच्यावरचा विश्वास समजलो. ते भय होते. अशी घाई सशाच्या बाबतीत नेहमीच होते. तो आपली मऊ लेंडी पुन्हा खातो म्हणून पाळणारे नाक मुरडतात. पण गवतातील सत्त्व त्याला दुसऱ्या फेरीतच मिळते, हे मोरो या फ्रेंच पशुवैद्याने 1882 सालीच लिहून ठेवले आहे.

आता प्रश्न असा की, हेतू शुद्ध होता एवढ्याने आम्ही सुटतो काय? आमच्या व्यवसायात ‘सद्भाव’ हा शब्द रोज कानी पडतो, आणि मौज अशी की कायद्यात त्याचे दोन अर्थ आहेत. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार जे प्रामाणिकपणे केले ते सद्भावाने केले. मग त्यात हयगय झालेली असो वा नसो. 1860 च्या दंडसंहितेचे कलम 52 मात्र म्हणे की, योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणताच येणार नाही. 1 जुलै 2024 पासून दंडसंहिता गेली, न्यायसंहिता आली, तरी ही व्याख्या तशीच राहिली. पहिल्या कायद्याने आम्ही निर्दोष; दुसऱ्याने नाही. (1972 च्या वन्यजीव अधिनियमात वन्य प्राण्याला पकडणे हीसुद्धा शिकारच धरली आहे, ही गोष्ट त्या संध्याकाळी एकाही वकिलाला आठवली नाही. तेथे आम्ही तिघे होतो.)

आम्हांस दुसरी व्याख्या धर्माच्या अधिक जवळची वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांची अट घातली आहे. केवळ देण्याची इच्छा पुरेशी मानलेली नाही. जैनांचे दशवैकालिक सूत्र तर ज्ञानाला दयेच्या आधी बसविते. यावर कोणी विचारील, आधी प्राणिशास्त्र शिकावे आणि मगच तहानलेल्याला पाणी द्यावे काय? आक्षेप खरा आहे. चौकशीच्या निमित्ताने हात आखडणारे लोक आम्ही न्यायालयात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा वातीने दूध पाजणारी आजी आम्हांस शतपटीने प्रिय. पण तहानलेला माणूस पाणी मागतो, नको असल्यास नको म्हणतो. पिल्लाला ते करता येत नाही. जो नकार देऊ शकत नाही त्याच्यावर दया करताना आपल्या अंगावर जास्तीची काळजी येते, असे आम्हांस वाटते.

तरीही एक अडचण उरतेच. त्या झाडाखाली आग लागणार होती. पोरांनी पिल्ले उचलली नसती तर ती जळाली असती. तेव्हा उचलणे बरोबर होते; चूक देवळाच्या वाटेवर झाली. दहा पावलांवरच्या झुडपात ती ठेवली असती तर संध्याकाळी आईला त्यांचा माग लागण्याची आशा होती. हे सारे आम्ही त्या पोरांना पुढे बोलावून सांगितले, आणि बेलाखालचे आमचे वाक्य मागे घेतले. धाकटा रडला. थोरला काहीच बोलला नाही.

पुढच्या चैत्रात तोच थोरला एका सकाळी आमच्या ओसरीवर आला. मोहाखाली पुन्हा एक पिल्लू सापडले होते. त्याने हातात गवत घेऊन ते उचलले, जवळच्या झुडपात ठेवले, आणि त्या दिवशी त्या झाडाखाली आग लावू दिली नाही. सकाळी जाऊन पाहिले तर पिल्लू नव्हते.

‘काका, आई घेऊन गेली ना?’

सशाची आई पिल्लांना तोंडात धरून नेत नाही, हे आम्हांस तोवर ठाऊक झाले होते. आम्ही तसे सांगितले. पिल्लू आपल्या पायांनी गेले असेल, किंवा कोल्ह्याने नेले असेल.

तो थोडा वेळ पायरीवर बसून राहिला. मग काठी उचलून उरलेल्या झाडांखालचा पाचोळा चाळायला निघून गेला.