जादा चाकाचं ओझं

आपण गाडीच्या जादा चाकाला स्टेपनी म्हणतो. शाळेचं तोंड न बघितलेला माणूसही हा शब्द सहज वापरतो, पण मुळात ते एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समध्ये लानेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस आडनावाच्या दोघा भावांनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक काढलं. त्याआधी मोटारीसोबत असं चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्याकडेला बसा, टायर उतरवा, ट्यूब काढा, ठिगळ लावा. या भावांचं चाक बिनआऱ्यांचं होतं. पंक्चर चाकाला ते बाहेरून आवळून बसवायचं आणि पुढं निघायचं. त्या चाकाचा जमाना कधीच सरला. नाव मात्र आपल्या ट्रकवाल्यांनी आणि जीपवाल्यांनी जपून ठेवलं.

आता ती वस्तूच जायला लागलीय. २०२० साली सरकारनं नियम बदलला. चालकासह नऊपर्यंत माणसं बसणाऱ्या, साडेतीन टनांच्या आतल्या गाडीला टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल, तर स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. हायब्रीड गाड्यांत तर जागेचीच ओढाताण. पेट्रोलचं इंजिन आहेच, वर मोटर आणि मोठी बॅटरी. ही बॅटरी कुणी सीटखाली बसवतं, कुणी डिकीच्या तळाला. डिकीच्या तळाला बसवली की चाकाची जागा गेली.

आमच्या घरात हा विषय निघाला तो मुलाच्या गाडीवरून. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, राहायला गावातच. हायब्रीड घ्यायचं ठरल्यावर मुलानं विचारलं, "आबा, सोळा इंची चाकं घेऊ का अठरा? आणि स्टेपनीवाली बघू का किटवाली?" गाडी त्याची, पैसे त्याचे. पण त्याच्या आईला हृदयाचा त्रास. आमच्या माणमधून तिला साताऱ्याला न्यायचं म्हणजे दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा लांबचा रस्ता, आणि दुखणं काही दिवस-रात्र बघून येत नाही. म्हणून मीही त्यात लक्ष घातलं.

टायरवर आकडे लिहिलेले असतात. सोळा इंचीवर २०५/६५ आर १६, अठरा इंचीवर २२५/५० आर १८. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या शेकडा किती रबराची उंची. शेवटचा रिमचा, इंचात. दहावीपर्यंतचं गणित इथं पुरतं. सोळा इंचीच्या रबराची उंची येते १३३ मिलिमीटर, अठरा इंचीची ११२. बाहेरून मोजलं तर दोन्ही चाकं ६७-६८ सेंटिमीटरच्या घरातच. म्हणजे अठरा इंची चाक मोठं नसतंच. त्याची रिम मोठी असते आणि तिला जागा द्यायला रबर दोन सेंटिमीटरनं कमी होतं. दिसायला रुबाबदार, वळणावर गाडी घट्ट धरणारं. पण खड्ड्यात आपटलं की रिम आणि दगड यांच्या मधे जे काही असतं ते रबरच, आणि तेच कमी केलेलं.

सुनेचा मुद्दा वेगळा होता आणि तो मला पटण्यासारखा वाटला. ती म्हणाली, "आबा, हायब्रीड घ्यायची ती पेट्रोल वाचवायला. मग पंधरा-वीस किलोचं चाक रोज कशाला वाहायचं? दहा वर्षांत एकदा लागणार, नाहीतर तेही नाही."

यात चूक काय? एका वेळेसाठी हजार वेळा ओझं वाहायचं, हे शहाणपण का भीती? आम्ही शेतकरी तर जादाचं बाळगणारीच जात. बैलगाडीच्या साट्याखाली जादा शिवळ, जादा जुपणी, दोराचं वेटोळं असायचंच. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याला हात लावायचा नाही. पण याच सवयीचं दुसरं रूपही मी बघितलंय. गंजके फाळ, फाटकी पोती, तुटक्या पाइपा, सगळं 'कधीतरी लागंल' म्हणून साठवत गेलेली माणसं, आणि शेवटी घरात बसायला जागा नाही. सगळ्याच येणाऱ्या संकटांची तयारी करायला गेलं तर आजचा दिवस जगायचा राहून जातो. म्हणून 'जवळ असलेलं बरं' एवढं म्हणून भागत नाही.

मग पारख कशी करायची? मला एक प्रश्न सापडला. ही वस्तू जवळ नसली तर अडचण कुणाच्या अंगावर जाईल? फक्त माझ्या अंगावर येणार असेल, तर मी खुशाल ओझं टाकीन. उन्हात दोन तास बसेन, चालत जाईन. पण मागच्या सीटवर छातीला हात लावून बसलेलं माणूस असेल, तर ते दोन तास माझे नाहीत. दुसऱ्याचा वेळ पणाला लावून मी माझं ओझं हलकं करू शकत नाही.

किट वाईट नाही. बाटलीतला चिकट द्राव टायरमध्ये सोडायचा, छोट्या पंपानं हवा भरायची. खिळा, बाभळीचा काटा, जमिनीला टेकणाऱ्या भागातलं बारीक भोक, याला ते पुरतं. पण टायर कडेनं फाटला किंवा रिम वाकली, तर बाटलीचा उपयोग नाही. आणि बुटक्या रबराच्या चाकाला खड्ड्यात नेमकं तेच व्हायची भीती जास्त. म्हणजे अठरा इंची चाक आणि नुसतं किट ही जोडी जुळवली, तर जे दुखणं वाढवलं त्याचंच औषध काढून टाकलं. त्यात मोठ्या, रुंद चाकानं मायलेजही थोडं घटतं. मी सुनेला म्हणालो, "पोरी, पेट्रोलसाठी स्टेपनी काढायची आणि तेच पेट्रोल रुबाबावर घालवायचं, हा हिशोब जुळत नाही बघ." ती हसली. म्हणाली, "हे खरंय. मग आधी रिम कमी करू."

पण तिनं लगेच पुढं विचारलं, "पुण्यात लोक बिनस्टेपनीचे फिरतातच की?" फिरतात, कारण तिथं फोन केला की मोटारसायकलवरून कुणीतरी पोरगा येतो, चाक नीट करून जातो. रात्री उशिरापर्यंत जागणारा तो पोरगाच त्यांची स्टेपनी. ओझं गेलेलं नसतं, ते त्याच्या खांद्यावर असतं. त्याचे पैसे तो घेतो, हे ठीकच. फक्त आपण काही वाहत नाही असं शहरातल्या माणसानं समजू नये.

आमच्या रस्त्यावर रात्री दोन वाजता असा पोरगा नसतो. असतो तो जवळच्या वस्तीवरचा माणूस. हाक दिली तर तो येईल. कुणाची नांगरट अडली की गावानं आपापली औतं घेऊन जायचं, अशी इर्जिक आमच्यात होती. तेव्हा दुसऱ्यावर विसंबणं यात कमीपणा नाही. पण इर्जिकीत ज्याचं काम अडलं तोही उद्या आपलं औत घेऊन दुसऱ्याच्या रानात जायचा. स्वतः काहीच न ठेवता नुसती हाक द्यायची, तिला इर्जिक म्हणत नाहीत. आणि आजच्या गाड्यांत तर शेजाऱ्याची इच्छा असूनही भागत नाही. रिम वेगळी, बोल्टांची भोकं वेगळी. याचं चाक त्याला बसत नाही. माणूस धावत येईल, पण चाक कुठलं आणेल?

शेवटी सोळा इंची चाकं आणि बारकी स्टेपनी, असं ठरलं. ही स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा अरुंद आणि हलकी असते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही, असं तिच्यावरच लिहिलेलं असतं. ती नेहमीच्या चाकाची जागा घेत नाही, पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचवते. सुनेचं वजन वाचवणं आणि माझी काळजी, दोन्हीला त्यात जागा मिळाली.

मुलाला मी एवढंच सांगितलं, की दर महिन्याला चाकांची हवा बघशील तेव्हा स्टेपनीचीही बघ. डिकीत पडून पडून तिची हवा कमी होते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. तयारी आहे असं समजून निर्धास्त बसायचं आणि गरजेच्या रात्री ती बसकी निघायची, यापेक्षा ती नसलेली बरी. नसली तर माणूस निदान जपून तरी जातो.