नित्यनेम आणि शेजारी

आरोग्याच्या साध्या सवयींविषयी हल्ली पुष्कळ उपदेश कानी पडतो. पहाटे उठावे, पायी चालावे, बेताने खावे, रात्री मोबाईल दूर ठेवून वेळेवर निजावे. ह्यांत खोटे काही नाही. परंतु ख्रिस्ती मनुष्यास पुढचा एक प्रश्न सुटत नाही, तो हा की, हा नित्यनेम पाळावयाचा कोणासाठी? कित्येक सज्जन तर म्हणतात की, तारण कृपेने होते, मग घंटेबरोबर उठण्याचे व अंगण झाडण्याचे एवढे स्तोम कशाला? परूशी लोक पेले व थाळ्या धूत बसत, त्यांस प्रभूने दोष लावला नाही काय?

दोष लावला खरा. पण तो बाहेरून घासून आतली घाण तशीच ठेवण्याला. स्वतः प्रभूला सवयी होत्या. शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याची त्याची रीत होती, असे लूक सांगतो. कफर्णहूमात दाराशी रोग्यांची गर्दी झाली, त्या रात्रीनंतरही तो मोठ्या पहाटे, अंधार असताच, उठून एकांती प्रार्थनेस गेला. दानीएलाचे पाहा. बाबेलात तो दिवसातून तीन वेळा गुडघे टेकीत असे. राजाचा मनाईहुकूम निघाला त्या दिवशी त्याने काल जे केले होते तेच आज केले. मन ढासळते तेव्हा मनास विचारून काही करू म्हटले, तर हातून काहीच होत नाही. पाय मात्र ओळखीच्या वाटेने चालतात.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास आपणां वर्धा जिल्ह्यातील लोकांस दूर जावे लागत नाही. १९३६ साली गांधीजी शेगावी राहावयास आले. त्याच गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तेथील आश्रमाचा दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होई. दोन वेळची प्रार्थना, झाडलोट, शौचकूपांची सफाई, सूतकताई, साधे जेवण, असा तो क्रम असे. शिस्तीची अशी कोष्टके जगात पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांतील कित्येक माणसांस कठोर व अहंकारी करून गेली आहेत. सेवाग्रामच्या कोष्टकातील एका कामाविषयी मात्र आम्ही विशेष लिहू इच्छितो. परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने पीडित होऊन आश्रमात आले. त्या काळी ह्या रोगावर आजच्यासारखा खात्रीचा उपचार नव्हता. बहुऔषधी उपचार १९८० नंतर आला. लोक अशा रोग्याची सावली टाळीत. गांधीजींनी आपल्या झोपडीजवळ त्यांची सोय केली, आणि त्यांच्या अंगास मालिश करणे हे आपल्या दिनक्रमात घातले. देशाचा कारभार ज्याच्या दाराशी येऊन बसे, त्या मनुष्याने हे काम उरलेल्या वेळावर सोडले नाही. दया येईल तेव्हा जाऊ, असे म्हटले असते तर दया किती दिवस आली असती?

जवळच पवनारास १९३८ साली विनोबा भावे आले, तेव्हा त्यांची प्रकृती इतकी खालावली होती की वजन अवघे ८८ पौंड भरले. धाम नदीकाठी त्यांनी शेतात खणण्याचा नेम धरला. प्रारंभी थोडी मिनिटे, मग हळूहळू अधिक, आणि शरीर भरून आले.

आपल्या ख्रिस्ती मंडळीने तर जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा ह्यांचे नाव विसरू नये. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील हा गृहस्थ विलायत व अमेरिकेत शिकला, हिशेबतपासनिसाचा धंदा सोडून वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करीत राहिला, आणि तुरुंगात असता त्याने प्रभू येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले. हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, घाणीचे तेल, गूळ, ह्यांचा मगनवाडीत पुरस्कार होई. गिरणीत तांदूळ पांढरा करताना वरचा कोंडा जातो, आणि त्याबरोबर बेरीबेरी रोगापासून राखणारे जीवनसत्त्वही जाते. आपल्याकडे ज्वारीची भाकर गरिबाची म्हणून तिची लाज धरणारे आज शहरात तीच ज्वारी चढ्या भावाने विकलेली पाहतात, ह्याची आम्हांस थोडी मौज वाटते.

परंतु येथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. २००६ साली पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भातील जे सहा जिल्हे होते, त्यांत वर्धा एक. ज्याच्या कपाशीला भाव नाही आणि ज्याच्या दाराशी सावकार उभा आहे, त्यास लवकर ऊठ व फिरावयास जा असे सांगणे ही क्रूरता होय. पहाटे उठण्याने कर्ज फिटत नाही. दुर्बलाच्या दुःखाचा दोष त्याच्याच सवयींवर ढकलणारे आरोग्यशास्त्र आम्हांस मान्य नाही. मग अशा मनुष्यास नित्यनेमाचा उपयोग काय? एलीया रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्यास प्रथम उपदेश केला नाही. त्याने त्यास झोपू दिले, भाजलेली भाकर व पाणी उशाशी ठेवले, आणि पुन्हा एकदा तसेच केले. शब्द मागून आला. खचलेला मनुष्य आपला नेम स्वतः पाळू शकत नाही. तो त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी पाळावा लागतो.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस एक विनंती. कापूस वेचणीच्या दिवसांत मंडळी अंधार पडल्यावर घरी येते, आणि सायंप्रार्थना बंदच ठेवावी असे वाटू लागते. ती दहा मिनिटांची करावी, पण रोज करावी, म्हणजे कोण आले नाही हे रोज कळेल. सलग दोन दिवस जे घर आले नाही, तेथे तिसऱ्या दिवशी पुस्तक न घेता जावे. चूल पेटली आहे की नाही ते पाहावे. पेटली नसेल तर आपल्या घरची भाकर आणावी, आणि त्या घरच्यांबरोबर बसून जेवावे.