बर्लिनच्या त्या चौकात



नोकरीनिमित्त जर्मनीला जाऊन आलेला आपल्या धर्मग्रामातील एक तरुण परवा भेटायला आला. बर्लिनमध्ये त्याने पैसे भरून एक पायी सहल केली होती. गाईड पुढे, पंधरा-वीस माणसे मागे, आणि तीन तास दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा पाहत हिंडायचे. त्याने माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला आणि सोबत एक प्रश्नही. “फादर, जिथे माणसांचे एवढे हाल झाले, तिथे कॅमेरा घेऊन फिरणे बरे का?”

मी लगेच उत्तर दिले नाही. (खरे तर सुचले नाही.) आधी काय काय पाहिलेस ते सांग, म्हटले.

ज्या तळघरात हिटलरने १९४५ साली आत्महत्या केली, त्या जागेवर आता गाड्या उभ्या असतात. २००६ साली लावलेला एक माहितीफलक सोडला तर पाहण्यासारखे काही नाही, तरी सर्वांनी फोटो काढले. नंतर बेबेलप्लाट्झ हा चौक. येथे १० मे १९३३ रोजी विद्यार्थ्यांनी सुमारे २०,००० पुस्तके जाळली. आज तेथे जमिनीत एक काच बसवलेली आहे. वाकून पाहिले की खाली रिकामी पांढरी कपाटे दिसतात. पण दिवसा काचेत आपलाच चेहरा जास्त दिसतो, असे तो म्हणाला.

याच चौकात संत हेडविगचे कॅथेड्रल आहे. तेथील धर्मगुरू बर्नहार्ड लिश्टेनबर्ग यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये यहुद्यांची सभास्थाने जाळली गेल्यानंतर सायंप्रार्थनेत यहुद्यांसाठी उघडपणे प्रार्थना सुरू केली. रोज. जवळजवळ तीन वर्षे. १९४१ साली दोन विद्यार्थिनींनी ती ऐकली आणि तक्रार केली. फादरांना अटक होऊन दोन वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून झाल्यावर त्यांना डाखाउच्या छळछावणीकडे नेत असताना ५ नोव्हेंबर १९४३ रोजी वाटेतच त्यांचे निधन झाले. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी बर्लिनमध्येच त्यांना धन्यवादित घोषित केले.

ही कथा ऐकताना आपण मनातल्या मनात कोणाच्या शेजारी उभे राहतो? अर्थात फादरांच्या. त्या विद्यार्थिनींचा आपल्याला राग येतो. पण सायंप्रार्थनेला इतरही लोक असतील. प्रार्थना ऐकायची, ‘आमेन’ म्हणायचे आणि घरी जेवायला जायचे. मार्गारेट झॉमर यांच्यासारख्या काहींनी जिवावर उदार होऊन यहुद्यांना मदत केली. बाकीच्यांची नावे कोणताही गाईड सांगत नाही. ते दुष्ट नव्हते. आपल्यासारखेच होते, मुलाबाळांचे.

मत्तयच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, प्रभू येशू परुश्यांना हेच सुनावतो. ते संदेष्ट्यांच्या कबरी सजवत आणि म्हणत की आम्ही पूर्वजांच्या काळी असतो, तर त्या पापात सहभागी झालो नसतो. कबर सजवण्यात दोष नव्हता. दोष होता त्या खात्रीत. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांची पत्नी यहुदी. दोघे सबंध युद्धकाळ जर्मनीतच जीव मुठीत धरून राहिले. १९४६ साली त्यांनी अपराधाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले. गुन्ह्याचा निवाडा न्यायालय करील, पण नैतिक अपराध ज्याच्या-त्याच्या सद्सद्विवेकालाच कळतो, असे त्यांचे म्हणणे. सेमिनरीत मी हे परीक्षेपुरते पाठ केले होते.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले, जरूर हिंड. मृतांना तुझ्या कॅमेऱ्याने आणखी काय इजा होणार? धोका पाहणाऱ्याला आहे. तीन तास दुसऱ्यांच्या पापांवर संतापून तो स्वतःला स्वच्छ समजून घरी परततो.

त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, सहल संपल्यावर सगळे कॉफी प्यायला गेले, तो एकटा कॅथेड्रलमध्ये जाऊन मागे बसला. ते चर्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले, आतले सगळे आता नवे आहे. “फादर, मी स्वतःला वेदीजवळ उभे करून पाहिले. जमले नाही. लोकांत बसलेला मात्र मी लगेच दिसलो.”