खालचा खुंट

कोय कलम बांधायला हात बसलेल्या माणसाला दोन मिनिटंही लागत नाहीत. पाऊस लागला की आरे-वारेच्या रस्त्यालगत आमच्या मामेभावाच्या पडवीत गोणपाट अंथरून हे काम चालतं. रायवळ आंब्याच्या बाठी मातीत घातलेल्या असतात. त्यांतून दोनेक आठवड्यांत तांबूस पानांचा कोंब वर येतो. तो वितीच्या आत छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसवरून आणलेली काडी तासून पाचरीसारखी चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. सुरूच्या बनातून वारा येत असतो, टेकडीच्या दोन्ही अंगांच्या पुळणी पावसात राखाडी दिसतात आणि मामेभाऊ समोर न बघता पट्टी गुंडाळत असतो. एकदा मी विचारलं, या रायवळाच्या बाठी आणतोस कुठून? "कुठूनही. लोक रस काढून टाकतात त्या. खालचा खुंट कोणाचा ते कोण विचारतो? पेटीवर नाव वरच्याचं."

त्यावरून मला २००५ सालची सोनीची भानगड आठवली. आंब्याचा आणि तिचा वरवर पाहता काही संबंध नाही. पण कलम हा शब्द मराठीत तीन घरी नांदतो: झाडाचं कलम, लिहायचं कलम आणि कायद्याचं कलम. आणि तिन्ही घरी भांडण एकाच गोष्टीचं, प्रतीचं.

हापूसची बाठ लावून हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून आज कोकणात उभं असलेलं प्रत्येक हापूसचं झाड ही कुठल्यातरी जुन्या झाडाची प्रतच आहे. पोथ्यांचंही तसंच. नक्कल झाली नाही तर पोथी कसरीच्या पोटात जायची. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास खर्च केला तो लेखनक्रियेवर: अक्षर कसं असावं, समास किती सोडावा. प्रत करणं हे तेव्हा पुण्याचं काम होतं. अडचण वेगळीच होती. नकलणारे आपल्या पदरच्या ओव्याही घालत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये. प्रत कराच, पण भेसळ नको. पोथीला कुलूप नव्हतं, अट होती, आणि ती पाळणं नकलणाऱ्याच्या मनावर सोडलेलं होतं. (नाथांनी ओपन सोर्सचा शोध लावला असं कोणी म्हणायला लागलं तर मी त्या सभेतून उठून जाईन. सांगायचं एवढंच की अट घालून मोकळं सोडणं आपल्याला नवं नाही.)

छापखाने आले, पुस्तकांना मालक आले, १९५७ चा कॉपीराइट कायदा आला. कुलूप मात्र मी पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकात, रत्नागिरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात. मी तिथं संध्याकाळी मराठी मजकूर जुळवत असे. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर काडेपेटीएवढा एक डबा मिळायचा, तो संगणकाच्या मागे, प्रिंटरची केबल लावतात तिथं खोचायचा. त्याला सगळे 'लॉक'च म्हणत. लॉक काढला की मराठी बंद. ऐन लग्नसराईत आमचा लॉक मेला. नवा यायला आठवडा लागणार होता आणि टेबलावर अकरा पत्रिका अडकल्या होत्या. पैसे भरून घेतलेली वस्तू, तरी मुलीचे वडील समोर उभे आणि 'श्री गणेशाय नमः' उमटेना. शेवटी कोणीतरी फ्लॉपीवर 'क्रॅक' आणून दिला. पत्रिका छापल्या. चोरी केली हे आम्हाला कळत होतं, आणि लॉकवाल्यानं आम्हाला आधीच चोर धरलं होतं हेही कळत होतं.

तिकडे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रॅमर हीच चीड बाळगून दुसऱ्या टोकाला पोचला होता. एमआयटीतला प्रिंटर सारखा अडकायचा आणि तो सुधारण्यासाठी लागणारा सोर्स कोड द्यायला एकानं नकार दिला, ही १९८० च्या सुमाराची गोष्ट. १९८९ मध्ये त्यानं जीपीएल हा परवाना लिहिला. त्यातली खुबी अशी की त्यानं कॉपीराइट सोडून दिला नाही, त्याचं पातं उलटं धरलं. घ्या, बदला, विका. मात्र ज्याला द्याल त्याला तुमचा बदललेला सोर्सही द्या आणि हीच मोकळीक पुढं चालू ठेवा. नाथांची अट बदल करू नका अशी होती, याची अट दार लावून घेऊ नका अशी. त्याचंच एक सौम्य भावंड एलजीपीएल. त्याखालचा भाग बंद सॉफ्टवेअरमध्ये जोडायलाही हरकत नाही, फक्त तो वापरलाय हे सांगायचं, परवाना सोबत द्यायचा, त्या भागाचा सोर्स मिळेल अशी सोय ठेवायची. म्हणजे खुंट वापर, पण खुंटाचं नाव लपवू नको. ही नुसती सभ्यता आहे असं अनेकांना वाटे. म्युनिकच्या न्यायालयानं २००४ साली हॅराल्ड वेल्टे या प्रोग्रॅमरच्या दाव्यात जीपीएलची अट बंधनकारक धरली, तेव्हा तो समज सुटायला लागला.

आणि मग सोनी. सोनी बीएमजीनं पन्नासेक संगीत सीडींवर एक्ससीपी नावाचं कुलूप घातलं होतं. बनवणारी कंपनी ब्रिटिश, फर्स्ट फोर इंटरनेट. सीडी संगणकात घातली की हे सॉफ्टवेअर विंडोजच्या पोटात शिरून बसे आणि नावाच्या सुरुवातीला 'डॉलर-सिस-डॉलर' असलेली कोणतीही फाइल मालकापासून लपवून ठेवी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकारानं हे उघडं केलं. दोन आठवड्यांच्या आत व्हायरस लिहिणारे त्याच आडोशाला जाऊन बसले. कंपनीनं काढून टाकायची सोय दिली तर तिनं आणखी एक भगदाड पाडलं. शेवटी सीडी परत बोलवाव्या लागल्या, आणि २००७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत संगणक बिघडलेल्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई कबूल करावी लागली.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला जास्त मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा शोध. लोकांनी ते कुलूप उकलून पाहायला घेतलं, तेव्हा आत 'लेम'च्या खुणा सापडल्या. लेम म्हणजे गाण्याची एमपी३ करणारं, अनेक हातांनी घडवलेलं, एलजीपीएलखालचं सॉफ्टवेअर. पुढं आणखी एक तुकडा निघाला, जीपीएलखालचा, व्हीएलसी प्लेअरमधला. त्याच्या कर्त्यांत एक नाव जॉन लेक योहान्सन. हा नॉर्वेचा पोरगा. १९९९ साली, पंधराव्या वर्षी, डीव्हीडीचं कुलूप फोडणाऱ्या डीसीएसएसमुळे गाजला, खटला चालला, २००३ मध्ये दोनदा निर्दोष सुटला. व्हीएलसीतला तो तुकडा ॲपलच्या गाण्यांच्या कुलपाशी संबंधित होता. म्हणजे गाणी चोरू नका म्हणून जगाला दरडावणाऱ्या कुलपाच्या आत, तपासणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार, कुलपं फोडणाऱ्याचाच कोड होता, तोही नाव, परवाना आणि सोर्स न देता. परवानाभंगाचा हा आरोप कोर्टात शेवटास गेला नाही.

यावर 'चोराच्या उलट्या बोंबा' म्हणून हसता येतं, तेव्हा मीही हसलो होतो. आता वाटतं, ती लबाडीपेक्षा सवय होती. कुलूप करणाऱ्याला घाई होती, हाताशी चांगला कोड फुकट पडला होता, फुकट म्हणजे बेवारस असं त्यानं धरलं. मामेभावाच्या बाठींसारखं. फरक इतकाच की रायवळाच्या झाडानं कुठली अट घातलेली नसते आणि लेमवाल्यांनी ती स्पष्ट लिहून ठेवली होती. कुलूप यंत्राशी बोलतं, त्याला माणसाशी कर्तव्य नाही. अट माणसाशी बोलते, म्हणून ती सहज ऐकली न ऐकल्यासारखी करता येते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं दोन कलमं लागोपाठ आली. ६५ए कुलपासाठी: हक्कभंगाच्या हेतूनं संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. ६५बी मात्र फारसं कोणाच्या तोंडी नसतं. कृतीसोबत दिलेली माहिती, म्हणजे कर्त्याचं नाव आणि वापराच्या अटीसुद्धा, जाणूनबुजून व अधिकार नसताना पुसली तर तेवढीच शिक्षा. कायदा करणाऱ्यांच्या मनात तेव्हा गाणी आणि सिनेमे असावेत; पण शब्द वाचले तर खुंटाचं नाव पुसणाराही त्यात बसू शकतो, असं मला वाटतं. मी वकील नाही.

रत्नागिरीतल्या त्या डीटीपीच्या दुकानात हल्ली लॉक नाही. पत्रिका मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांनी मोकळ्या केलेल्या 'मुक्ता' फॉन्टात जुळवतात. त्याच्या परवान्यात नुसता फॉन्ट विकायची मनाई आहे. दुकानदाराला ते ठाऊक नाही, आणि त्यानं कधी मोडलेलंही नाही.

आंब्याच्या बाजूला मात्र कुलपं वाढतायत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांपुरतं. तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरला जातोच. मग क्यूआर कोड आले, फळावर चिकटवायचे स्टिकर आले. मामेभावाला हे सगळं पटतं. त्याच्या कष्टाचं नाव दुसऱ्यानं लावावं हे त्याला सहन होत नाही, आणि का व्हावं?

गेल्या पावसाळ्यात मीही हट्टानं चार कलमं बांधली. तीन मेली. चौथं धरलं, वरच्या काडीला दोन पानं आली. महिन्यानं बघतो तर जोडाच्या खाली, रायवळाच्या अंगाला, तांबूस असा स्वतःचा फुटवा आलेला. मी मामेभावाला दाखवला. तो म्हणाला, "खुडून टाक तो, नाहीतर वरचा जगायचा नाही."

मी खुडला.